पहिल्या शनिवारची हजेरी

आमच्या शाळेत हजेरीच्या वहीला कॅटलॉग म्हणतात. महिना संपला की प्रत्येक वर्गाचा कॅटलॉग माझ्या टेबलावर येतो आणि मी त्याच्या उभ्या आणि आडव्या बेरजा करतो. उभ्या बेरजेतून एका दिवशी वर्गात किती मुलं होती ते कळतं. आडव्या बेरजेतून एक मूल महिन्यात किती दिवस आलं ते कळतं. दोन्हींचा शेवटचा आकडा एकच यायला हवा. परळच्या या मराठी शाळेत मी चोवीस वर्षं कारकून आहे, सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. टेबलावर संगणक आहे, तरी पहिली बेरीज मी पेन्सिलीनंच करतो. बायको म्हणते, "तुम्ही इडल्यासुद्धा उभ्या-आडव्या मोजून घेता." ते खरं आहे. एकदा एक कमी भरली होती.

गेल्या सप्टेंबरअखेरीस आठवीचा कॅटलॉग बघत होतो. आठवीचा पट एकवीस. हजर मुलासमोर निळी उभी रेघ, गैरहजर मुलासमोर लाल टिंब, अशी आमची पद्धत आहे. सतरा नंबरच्या मुलीसमोर नुसती लाल टिंबं होती आणि मध्ये एक निळी रेघ. मी मागची पानं उलटली. ऑगस्टमध्येही एकच निळी रेघ. जुलैमध्येही एकच. जुलै ते सप्टेंबर कामाचे दिवस अनुक्रमे सव्वीस, एकवीस आणि एकोणीस. सहासष्टपैकी तीन.

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं, पण लिहायलाच हवं. मूल महिनाभर सलग आलं नाही, तर त्याचं नाव सतत गैरहजर मुलांच्या यादीत घालावं लागतं. ती यादी वरच्या कार्यालयात जाते. मग शोध. मूल सापडलं नाही, तर सरकारी पोर्टलवर त्याचं नाव आमच्या शाळेतून निघून एका वेगळ्या कप्प्यात पडतं. कुठं आहेत ते कोणालाच माहीत नाही अशी मुलं त्या कप्प्यात असतात. आमचा पट एकनं कमी होतो, आणि पट ठरावीक आकड्याखाली गेला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणजे त्याची दुसऱ्या शाळेत रवानगी. महिन्यातून एक निळी रेघ ओढली की यातलं काहीच होत नाही. आठवीच्या वर्गशिक्षिका आमच्याकडे नोकरीत सगळ्यात कनिष्ठ. मला वाटलं, रेघा त्याच ओढतात.

मी कॅटलॉग घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो.

"बाई, सतरा नंबर."

"येते ती," बाई म्हणाल्या.

"महिन्यातून एकदा?"

"महिन्यातून एकदा. विचारलं की म्हणते, गावी होते. आईचा फोन लागत नाही, वडिलांचा नंबर बदललाय. वर्गातल्या मुलींना विचारलं तर त्याही म्हणतात, गावी." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काय वाटलं, मी ओढते रेघा?"

त्या उठल्या, माझ्या हातातला कॅटलॉग घेऊन टेबलावर उघडा ठेवला.

"बेरजा फार छान करता, भाऊसाहेब. कधीतरी तारखापण वाचत जा."

मी तारखा वाचल्या. तिन्ही निळ्या रेघा शनिवारच्या होत्या. तिन्ही वेळा महिन्याचा पहिला शनिवार. रोज पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं, कारण मी टिंबं मोजली होती आणि रेघा मोजल्या होत्या, त्या कुठं पडल्यात ते पाहिलं नव्हतं. मी बाईंची माफी मागितली. "असू द्या," त्या म्हणाल्या, "शोधून काढा तिला. मला खोटं हजर नकोय, आणि खोटं गावीपण नकोय."

आमच्या भागात "गावी गेलेत" म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. शिमग्याला गावी, मेमध्ये गावी, गणपतीला गावी, घरात कोणी आजारी पडलं तरी गावी. कुलूप दिसलं की शेजारीण न विचारता सांगते. मी स्वतः कितीतरी वेळा कॅटलॉगच्या शेऱ्यात "गावी" लिहून मोकळा झालो आहे. त्या दिवशी मात्र शाळा सुटल्यावर पत्ता घेऊन निघालो. चाळ, दुसरा मजला, खोली नंबर अडतीस. शाळेपासून नऊ मिनिटं.

चाळ नव्हती. हिरव्या पत्र्यांची उंच भिंत होती, आणि पत्र्याच्या फटीतून पाहिलं तर खाली मोठा खड्डा आणि त्यातलं पाणी उपसणारा पंप. मी हवेत दुसरा मजला कुठं असेल त्याचा अंदाज घेऊ लागलो. समोरच्या फुटपाथवरचा इस्त्रीवाला मला बघत होता.

"कोण पाहिजे?"

मी मुलीचं नाव सांगितलं.

"नाव नको, खोली नंबर बोला."

"अडतीस."

"हां, आजीची खोली. गेले ना जूनमध्ये. आसनगाव, त्याच्यापण पुढे कुठेतरी. सगळी चाळच गेली, कोण विरारला, कोण बदलापूरला."

"आता कधी दिसतात का?"

त्यानं इस्त्री उचलून कोपऱ्यातल्या मंडळाच्या शेडकडे दाखवलं. शेडच्या दारावर एक कागद होता, पावसानं कडेला पिवळा पडलेला. सर्व भाडेकरूंची सभा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी बारा वाजता. प्रत्येक खोलीमागे एक व्यक्ती आवश्यक.

शनिवारी आमची शाळा साडेसातला भरते आणि साडेअकराला सुटते. मी तो कागद तीन वेळा वाचला.

पुढच्या शनिवारी, तो ऑक्टोबरचा पहिला, मी सातलाच शाळेच्या पायरीवर उभा होतो. सात वाजून बावीस मिनिटांनी एक म्हातारी आणि एक मुलगी कोपऱ्यावरून आल्या. मुलीचा युनिफॉर्म इस्त्रीचा, वेण्यांना रिबिनी. तिच्यासाठी घर पहाटे साडेतीनला उठलं असणार. म्हातारीनं तिला फाटकातून आत ढकललं, "जा, हजेरी लावून घे," आणि स्वतः पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी बाजूला बसलो आणि कोण ते सांगितलं. ती सावध झाली आणि मालवणीत म्हणाली,

"झिला, पोरीचा नाव काढू नको हां."

"नाव काढत नाही, आजी. पण ती महिन्यातून एकच दिवस का येते?"

"रोज कशी येतली? तीन तास जातत येवक."

"मग तिकडच्या शाळेत घाला."

"ते दाखलो मागतत."

"मी देतो ना दाखला. सोमवारी देतो."

"देऊ नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की शिपाई वळून बघायला लागला. मग तिनं आवाज खाली आणला. "दाखलो काढलो की आमी हयसून गेलो. हयसून गेलो की खोली गेली. माका सगळा म्हायत आसा."

मग हळूहळू कळलं. चाळीत कोणीतरी सांगितलं होतं की मुलांचे दाखले काढू नका, पोरं परळच्या शाळेत आहेत हाच मोठा पुरावा. मुलीचे वडील आसनगावच्या बाजूला एका गोदामात कामाला लागले होते, आई अजून परळच्या इस्पितळात आयाचं काम करत होती, पहाटेच निघायची. खोली आजीच्या नावावर, म्हणून शब्दही आजीचाच. तिनं ठरवलं, नाव इथंच राहील. महिन्यातून एकदा सभेला यायचंच आहे, तर पोरीलाही आणायची आणि हजेरी लावून घ्यायची. नाव जिवंत ठेवायला एवढं पुरे होतं. पण त्यामुळे मुलगी कुठल्याच शाळेत नव्हती. आमच्या पटावर होती आणि आसनगावच्या पुढच्या एका खोलीत बसून होती.

मला तिच्यावर रागावता आलं नाही. आमचीही इमारत गेली अकरा वर्षं पुनर्विकासाला "जाणार" आहे. घरी कपाटात एक तपकिरी फाइल आहे, तिच्यात आजोबांच्या वेळच्या भाडेपावत्यांपासून परवाच्या वीजबिलापर्यंत एकशे चौदा कागद आहेत. मुलीच्या पाचवीच्या बक्षिसाचं प्रमाणपत्रही मी त्यात ठेवलं आहे, कारण त्यावर पत्ता आहे. बायको त्या फाइलला माझी दुसरी बायको म्हणते.

आजीनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, बिल्डरशी झालेला करार काढून माझ्या हातात दिला. "तूच वाच. पोरगो वाचणा नाय." मी तिथंच पायरीवर बसून अठ्ठावीस पानं वाचली. वकील मी नाही, पण खोलीचा हक्क भाडेकरूचा आणि भाडेकरू म्हणजे आजी, एवढं स्वच्छ होतं. शाळेचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. तसं मी सांगितलं.

"बिल्डरचो कागद," आजी म्हणाली आणि करार परत गुंडाळला. "तो बिल्डरच्या सोयीचो."

साडेअकराला ती सभेला गेली. नात शाळेतच थांबणार होती, सभा संपल्यावर आजी तिला घेऊन जाणार होती. मी बाईंना आणि मुलीला ऑफिसात बोलावलं. बरोबर तिची बाकावरची मैत्रीणही आली, कोणी बोलावलं नसताना.

"तू मैत्रिणीलापण गावी म्हणून सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"मला माहीत होतं," मैत्रीण म्हणाली. "मीच सगळ्यांना गावी म्हणून सांगत होते."

"वा! आणि महिनाभर ही घरी काय करते, तेही माहीत असेल."

"शाळा करते," मैत्रीण म्हणाली आणि दप्तरातून एक जाड लाँगबुक काढून टेबलावर ठेवलं. मुलीनं आपल्या पिशवीतून दुसरं काढलं.

मैत्रिणीच्या वहीत सप्टेंबर महिन्यातला वर्गातला सगळा अभ्यास होता. प्रत्येक दिवसाचं वेगळं पान, वर तारीख, मग तासांप्रमाणे विषय. स्वतःच्या वह्या पूर्ण करून ती संध्याकाळी हे दुसऱ्यांदा लिहायची. महिन्याचा पहिला शनिवार आला की ही वही मुलीच्या हातात जायची. मुलगी ती वही घेऊन आसनगावच्या पुढे जायची आणि रोज त्यातला एक दिवस शिकायची. एका दिवसात एकच दिवस. पाठ वाचायचा, प्रश्नांची उत्तरं लिहायची, गणितं सोडवायची. तिची शाळा आमच्यापेक्षा साधारण एक महिना मागे चालत होती. तिच्या वहीत प्रत्येक पानावर दोन तारखा होत्या. डावीकडे वर्गाची, उजवीकडे तिची.

"दोनदा लिहायचा कंटाळा नाही येत?" मी मैत्रिणीला विचारलं.

"येतो की, सर. पण ही मला गणितं सोडवून देते."

"एक महिन्यानंतर!" मुलगी म्हणाली. ऑफिसात आल्यापासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

"मग? मला गणित तसंही महिनाभर उशिराच कळतं."

बाई हसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. पुसणं बराच वेळ चाललं.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे कॅटलॉग उघडला. मुलीच्या वहीत जुलै आणि ऑगस्ट पुरे झाले होते. माझ्या हिशेबानं जुलैचे सव्वीस आणि ऑगस्टचे एकवीस, एकूण सत्तेचाळीस दिवस. मी एक एक तारीख कॅटलॉगशी लावत गेलो. ज्या दिवसासमोर आमच्याकडे लाल टिंब होतं, त्या दिवसाचं तिच्याकडे पान निघत होतं; निळ्या रेघांच्या दोन शनिवारांचीही पानं होती. टिंबामागून टिंब, पानामागून पान. एवढी वर्षं मी लाल टिंब म्हणजे काही नाही असंच धरत आलो. शेवटी आकडा आला शेहेचाळीस.

"एक दिवस राहिलाय," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं. एकही दिवस चुकू नये हे मला माणसाच्या आवाक्यातलं वाटत नव्हतं.

मुलगी उठली, माझ्या बाजूला आली आणि जुलैतल्या एका पानावर बोट ठेवलं. त्या पानाच्या तळाशी मैत्रिणीच्या वहीवरून उतरवलेली नोंद होती: "उद्याचं पान नाही. हजेरी झाली, मग पावसाची सुट्टी जाहीर झाली. अभ्यास झाला नाही."

मला तो दिवस आठवला. मी चालत शाळेत आलो होतो, गुडघाभर पाण्यातून. आठवीतली आठ मुलं आली होती, बाईंनी हजेरी घेतली, आणि आठच्या सुमारास सुट्टीचा निरोप आला. मुलं घरी गेली, मी दिवसभर ऑफिसात बसलो. दुसऱ्या दिवशी सुट्टीचं परिपत्रक आलं, ते मी स्वतः फाइल केलं, आणि तरीही तो दिवस कामाचा धरला. मी आलो होतो, म्हणजे शाळा भरली होती. जुलैचे कामाचे दिवस सव्वीस नव्हते, पंचवीस होते. माझ्या उभ्या-आडव्या दोन्ही बेरजा एकमेकींशी जुळल्या होत्या आणि दोन्ही चुकल्या होत्या. पन्नास मैलांच्या अंतरावरून, एक महिना उशिरा, लाल टिंब असलेल्या मुलीनं ते बरोबर मोजलं होतं.

मी लाल शाई घेतली, आकडा खोडला, वर पंचवीस लिहून सही केली. मुख्याध्यापिकांची सही नंतर घेतली. हात जोडायची मला सवय नाही, पण त्या दोघी मुलींकडे बघताना देवळात शिरताना चपला काढतो तसं काहीतरी करावंसं वाटलं.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता दाखला द्यायला हवा. पण पट वीस होईल, बाई."

"मला मोजता येतं."

"तुमचंच नाव पुढे येईल."

"येऊ दे. टाकतील वडाळ्याला नाहीतर कुठंतरी. आसनगावच्या पुढे तर नाही ना टाकणार?" त्या मुलीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या. "आणि टाकलंच तर ही असेल तिथं."

राहिली आजी. सभा संपून ती दीडच्या सुमारास आली. तोवर मी लोखंडी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढून ठेवलं होतं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते: नाव, जन्मतारीख, पत्ता, कधी आला, कधी गेला. मुलीचे वडीलही याच शाळेत शिकले होते. त्यांची ओळ शोधायला मला वीस मिनिटं लागली. शाई तपकिरी झाली होती. आजीला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते.

"हे बघा, आजी. तुमचा मुलगा."

तिनं वाकून पाहिलं. तिचं बोट ओळीवरून सरकत पत्त्याच्या रकान्यात थांबलं.

"अडतीस," ती म्हणाली.

"आणि हे शेवटी. या तारखेला त्यानं दाखला काढला. दहावी झाली तेव्हा. दाखला गेला, पण ओळ गेली का?"

तिनं त्या तारखेकडे निरखून पाहिलं.

"नातीचीही ओळ नव्या रजिस्टरमध्ये आहे. तिथंही अडतीसच आहे. दाखला दिला तरी ती ओळ तशीच राहते. उद्या कोणी विचारलं तर मी नक्कल काढून देईन, माझ्यानंतर जो बसेल तो देईल."

"फाडत नाय?"

"नाही. मी कामाला लागलो त्या दिवशी मला सांगितलं होतं, आग लागली तर आधी हे बाहेर काढायचं, मग स्वतः बाहेर पडायचं."

आजीनं बोट त्या आकड्यावरच ठेवलं होतं. दोन चौकांपलीकडं त्या नंबराच्या जागी हवा होती आणि खाली पंप चालला होता. तो जिना, ती गॅलरी, ते दार आता कुठंही नव्हतं. अडतीस हा आकडा राहिला होता तो आजीच्या करारात आणि आमच्या कपाटात. मी हे रजिस्टर शेकडो वेळा उघडलं असेल. त्याचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"दे मग," आजी म्हणाली. "दाखलो दे."

दाखल्यात शाळा सोडण्याचं कारण "पालकांचे स्थलांतर" असं लिहिलं. अभ्यासातील प्रगती या रकान्यात मी चोवीस वर्षं "चांगली" लिहीत आलो आहे, बहुतेक वेळा न बघता. या वेळी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उत्तम लिहा. आणि सावकाश लिहा, अक्षर चांगलं आलं पाहिजे." सोमवारी मी पोर्टलवर तिची नोंद मोकळी केली. चार दिवसांनी तिकडच्या शाळेची मागणी आली, ती मान्य केली. आठवीचा पट वीस झाला. बाईंचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही.

मैत्रीण एकदा ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, आता मी दोनदा नको ना लिहू?"

"नको."

"मग माझी गणितं?"

"बाईंना विचार. त्या त्याच दिवशी सांगतील, महिन्यानं नाही."

तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर, महिन्याच्या पहिल्या शनिवारी आजी आली, एकटीच. सभेला अजून वेळ होता. ती पायरीवर न बसता सरळ ऑफिसात आली.

"पोरगी खंय?" मी तिच्यासारखंच मालवणीत बोलायचा प्रयत्न केला. ती हसली.

"शाळेत."

"शनिवारीसुद्धा?"

"शनिवारचीपण शाळा आसा थंय." तिनं पिशवीतून लाँगबुक काढलं. "बाईंक दाखव म्हणून धाडल्यान."

बाई तासावर होत्या. मी वही उघडली. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात तिनं सुट्टीत पुरी केली होती, एका दिवसात तीन-तीन पानं. डावीकडची तारीख आणि उजवीकडची तारीख पानागणिक जवळ येत गेली होती. मग नव्या शाळेतल्या वर्गाची पानं, तिथल्या बाईंची तांबडी सही, आणि परवाचं पान. त्याच्यावर डावीकडे जी तारीख होती तीच उजवीकडे होती.

मी ती दोनदा वाचली. मग वही मिटून बाईंच्या तासाची घंटा होईपर्यंत टेबलावर समोर ठेवली, आणि आजीसाठी चहा मागवला.